आप्पांच्या फोनवर मी काय बोलले

आईला ठाऊक नाही, बहिणीला नाही, नवऱ्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या वाडीत राहत नाही. आणि आधीच बजावते — माझी कीव करायची नाही. मला ती सहन होत नाही.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. आमचे हे फौजेत होते. बर्फातल्या चौकीवरून सुट्टीला आले ते — कसं सांगू? — जेवता जेवता थांबायचे, हात तसाच ताटात. रात्री झोप नाही. जोडीदार डोळ्यांसमोर बर्फाखाली गेला होता. सुट्टी संपवून परत गेले आणि तिथे त्यांना सैनिकी इस्पितळात ठेवलं, मनाच्या आजाराच्या वॉर्डात.

तिथून फोन आला तो आप्पांच्या मोबाइलवर. आप्पा म्हणजे माझे मोठे दीर, शेजारीच घर. ह्यांना लहानाचं मोठं त्यांनी केलं, भरतीला मोटारसायकलवर बसवून त्यांनीच नेलं. घरचा नंबर म्हणून पलटणीत त्यांचाच दिलेला. त्या दिवशी आप्पांची महाडच्या एमआयडीसीत पाळी होती, कंपनीची बस चुकली असती. "तू बोल गो सुनंदा, मी चाललो," म्हणत त्यांनी मोबाइल माझ्या हातात ठेवला आणि उतार उतरून गेले.

डॉक्टर हिंदीत विचारत होते. घरी काही ताण आहे का? भांडण? जमीन?

आता आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं — फौजीला सुट्टी मिळते ती घरच्या अडचणीवर. आई आजारी, घर पडलं, कोर्टाची तारीख. मला वाटलं, हीच वेळ. मी म्हटलं, हो साहेब, मोठा भाऊ जमिनीवरून भांडतो, हे त्याचाच घोर घेतात, ह्यांना घरी पाठवा. साफ खोटं! आप्पा आमचा वाटा स्वतः राबून पिकवत होते आणि भात आधी आमच्या घरात येत होतं.

त्या खोट्याची लाज वाटते का? नाही. तसूभरही नाही. मला माझा माणूस घरी हवा होता, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.

घरी आले — कायमचेच. वैद्यकीय मंडळाने लिहिलं, आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेने वाढलेलाही नाही, कारण घरगुती ताण. तेवढ्यावर अपंगत्वाची पेन्शन नामंजूर. पहिलं अपील केलं. तुम्हाला वाटेल अपील म्हणजे कोणी बोलावतं, माणसाकडे बघतं? कोणी नाही. कागद कागदाला विचारतो आणि मंडळाचंच म्हणणं नव्या तारखेने परत येतं. दुसऱ्या अपिलालाही तेच उत्तर. मग बर्फातले ते दिवस कुठे गेले? तो जोडीदार? एका बाईचं फोनवरचं वाक्य ह्या सगळ्याहून जड? माझा त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही, आणि तो मी जाऊही देणार नाही.

पण हे सांगायला मी बसले नाही. गोल गोल फिरतेय, कळतंय मला.

मुंबईला, फौजींचे दावे चालतात त्या न्यायाधिकरणात जायचं ठरलं तेव्हा महाडच्या वकिलांनी मंडळाचे कागद मागवले. त्यात होतं — घरी फोन केला असता नातेवाइकाने मोठ्या भावाशी जमिनीचा वाद असल्याचे सांगितले. खाली नंबर. नाव नाही. वकील म्हणाले, फोन घेणाऱ्याने खरं काय ते लिहून दिलं तर केसला बळ येईल. आणि माझ्याकडे वळून विचारलं, "वहिनी, हा फोन कोणी घेतला होता?" हे शेजारच्या खुर्चीत बसलेले. मी म्हटलं, "नंबर आप्पांचा हाय."

एवढंच. एक अक्षर खोटं नाही त्यात — आणि त्याहून मोठं खोटं मी जन्मात बोललेले नाही.

हे एसटीतून माझ्या आधी उतरले. वाडीत पोचताच सरळ आप्पांच्या अंगणात. "माझ्या जमिनीवर डोळा होता तुझा? म्हणून फौजेला सांगितलंस?" आप्पांनी ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मोबाइल कोणाच्या हातात दिला होता, ते त्यांना पक्कं आठवत होतं. ते थांबले. मी बोलावं म्हणून थांबले. मी खाली बघत उभी. तेवढ्यात हे बोलता बोलता थांबले, हात तसाच हवेत, आणि ते बघून आप्पा म्हणाले, "जाऊ दे रे. तू आधी बरा हो."

मी का गप्प बसले? आजारी माणसाला धक्का नको, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. थाप आहे ती. ह्यांनी आप्पांकडे ज्या नजरेने बघितलं, ती माझ्याकडे वळेल ह्याची मला भीती होती. बस्स. त्या भीतीपायी मी लिहूनही दिलं नाही. आणि खरं सांगू? आप्पांच्या त्या चांगुलपणाचा मला संताप येतो. का नाही बोललात? माझं नाव घ्यायचं होतं तिथल्या तिथे!

पुढे ह्यांनी जमिनीची मोजणी मागवली, मध्ये बांध घातला. आप्पांच्या मुलीच्या लग्नात आमचं दार बंद होतं. फोनवर मी जे भांडण रचलं होतं, ते आता खरोखरचं झालं होतं.

न्यायाधिकरणाचा निकाल मात्र आमच्या बाजूने लागला. भरतीच्या वेळी माणूस ठणठणीत होता, तेव्हा आजाराची नोंद नाही. म्हणजे आजार सेवेतच लागला असं धरायचं, आणि तसं नसेल तर सैन्याने ते दाखवून द्यायचं. फोनवरची एक ओळ म्हणजे पुरावा नव्हे. पेन्शन मंजूर. माझ्या कबुलीची गरजच पडली नाही. सुटले, असं वाटलं मला. हो, वाटलं!

ह्यांनी पोलादपुरातून पेढे आणले. "सगळ्या वाडीत दे. त्या घरात नाय." मी बॉक्स घेऊन निघाले. आप्पा पडवीत बसले होते. मला बघून उठले, पायरीपर्यंत आले.

"मिळाली ना गो पेन्शन?" म्हणाले. चेहरा नुसता फुललेला. "बरं झालं. आता झोप लागंल त्याला."

मी "हो" म्हटलं. बॉक्स उघडाच होता, हातात. हे घरात होते, बघत नव्हते. कोणीच बघत नव्हतं. मी तशीच पुढच्या घरी गेले.