पाडव्याचं चुकलेलं उदाहरण

जबलपूरच्या राइट टाउनमधल्या एका खासगी कॉलेजात मी कंत्राटावर इंग्रजी शिकवत होते. कायम व्हायचं तर कमिटीसमोर एक तास घेऊन दाखवायचा, आणि शिकवायचा इंग्रजी शब्द कमिटीच देणार. मला मिळाला 'युबिक्विटस'. जिकडे तिकडे आढळणारं, जाऊ तिथे दिसणारं. शब्द अवघड नव्हता; धास्ती तासाची होती. तास बिघडला तर जूनपासून घरी बसायचं, हे प्राचार्यांनी आधीच गोड आवाजात सांगून ठेवलं होतं.

कमिटी म्हणून मागच्या बाकावर प्राचार्य आणि आमच्या विभागप्रमुख बाई बसल्या. बाईंचं आडनाव उत्तरेकडचं, हिंदी अस्खलित, आणि चेहऱ्यावरची रेष हलेल तर शपथ. मला त्यांची भीती वाटायची, आणि भीती वाटते म्हणून रागही यायचा.

मी अर्थ सांगितला. एकाने लगेच वाक्य केलं, "गॉड इज युबिक्विटस." मी म्हटलं, देवासाठी इंग्रजीत ऑम्निप्रेझेंट जास्त शोभतो. हा शब्द आपल्या रोजच्या, पावलोपावली भेटणाऱ्या गोष्टींसाठी, आणि तोही बोलण्यापेक्षा लिहिण्यात. इथवर गाडी रुळावर होती. मग मी माझं उदाहरण दिलं: पाडव्याला जबलपुरात गुढ्या युबिक्विटस असतात.

एका मुलाने विचारलं, "मैम, गुढी क्या होती है?"

मी फळ्यावर काठी काढली, तिला साडी, वर उलटा तांब्या. कोणी ओळखेना. "हमने तो कहीं नहीं देखी," एक मुलगी म्हणाली आणि हशा पिकला. घमापुरातल्या आमच्या गल्लीत विदर्भातून आलेली घरं शेजारीशेजारी, दारोदारी गुढी. त्या एवढ्याशा गल्लीलाच मी जन्मभर जबलपूर समजत आले होते! पोरांवर चिडले, स्वतःवर त्याहून जास्त.

"तो फिर यह शब्द यहाँ चलेगा, मैडम?" मागून बाईंचा आवाज आला.

"नहीं चलेगा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? "जो चीज़ ढूँढनी पड़े, वह युबिक्विटस नहीं. अब आप लोग बताइए."

पोरं सुटलीच. पोहा-जलेबीच्या गाड्या, तोंडाला दुपट्टा गुंडाळून स्कूटी पळवणाऱ्या मुली, भर रस्त्यात बसलेल्या गाई. वाक्यं बरोबर येत होती. मी डस्टरने गुढी पुसली.

तास संपल्यावर कॉरिडॉरमध्ये बाई एकट्याच समोर आल्या. "तुम्हाला कायम करून राहिलो आम्ही. सरांनी सही केली."

मराठी!

"माहेर नागपूरचं माझं," त्या म्हणाल्या. "गुढी मीपण उभारते."

"मग तिथे बोलल्या काहून नाही?" माझ्या तोंडून निसटलंच. घरची बोली अशी नको तिथे बाहेर पडते.

त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं. "बेडरूममध्ये उभारते, दार लावून. सासरी दरवर्षी विचारत, हे काय, ते काहून. सांगून सांगून कंटाळली मी."

मला त्यांच्यासाठी इतकं वाईट वाटलं की नोकरीबद्दल आभार मानायचंही सुचलं नाही.