शर्ट तेवढा बदलला

मुलानं गेमचा नवा भाग लावला. तापलेल्या प्लास्टिकचा वास आला आणि मी नव्वदच्या दशकातल्या नांदूरघाटच्या घरात पोचलो. बीडहून आणलेल्या कॅसेटवर 'भाग चौथा' छापलेलं. अक्कानं तिच्यात फुंकर मारली आणि ती खाचेत दाबली. पडद्यावर तोच शिपाई, तीच भिंत, तोच खड्डा. फक्त शर्ट हिरव्याऐवजी लाल.

मी रडकुंडीला आलो. अक्का लई हसली. "येड्या, शर्ट बदललाय नुसता. मानूस तोच हाय."

पुढं नवऱ्याच्या माराला कंटाळून ती माहेरी आली. दुसरं स्थळ मीच आणलं. "ह्यो तसा न्हाई, अक्का," म्हणालो.

प्लास्टरमधला हात घेऊन ती पुन्हा दारात उभी राहिली, तेव्हा ते जुनं वाक्य तिनं उच्चारलं नाही. उच्चारलं असतं तर बरं झालं असतं.