निळा घाम

"याला क्रोमहायड्रोसिस म्हणतात. म्हणजे रंगीत घाम," अमरावतीचे डॉक्टर म्हणाले. "पुस्तकात वाचलं होतं, पाहतोय पहिल्यांदाच." माझ्या गालावरून फिरवलेला कापूस त्यांच्या चिमट्यात निळा झाला होता.

मी एवढंच विचारलं, "मुलीला पाजू का?"

विदर्भ मुंबई राज्यात गेल्याला वर्षही झालं नव्हतं. आम्ही अकोल्याच्या जुन्या शहरात राहत होतो. यजमान शाळामास्तर. मुलगी तीन महिन्यांची. एका दुपारी चुलीपाशी तोंड पुसलं, तर पदराला निळसर काळे डाग. लुगड्याचा रंग गेला असेल म्हणून पांढरं नेसले. तेही डागाळलं. घाबरले की डाग वाढायचे.

सासूबाईंनी ते पाहिलं, त्यांना ते विषच वाटलं. "तुह्या अंगातून इख निंगून राह्यलं. लेकराले हात नको लावू!"

मुलगी आतल्या खोलीत गेली, शेळीच्या दुधावर. ती रडायची, इकडे माझी चोळी भिजायची आणि गालांवरून निळे ओघळ. यजमान खाली मान घालून बसायचे. वैद्य म्हणाले, रक्त काळं पडलंय. महिन्याभरात मला एकटीलाच माहेरी, मोर्शीला, धाडायचं ठरलं.

न्यायला आलेल्या बाबांनी वाटेत अमरावतीला दवाखाना गाठला. चार दिवस बाकावर काढले. रक्त, लघवी तपासली, घाम सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तांब्याच्या, रंगाच्या कारखान्यात काम करता का, असंही विचारलं.

"घामाच्या काही ग्रंथींतच हा रंग तयार होतो," डॉक्टर म्हणाले. "रक्त चांगलं आहे. जिवाला धोका नाही, पण औषधही नाही. मुलीला खुशाल पाजा."

दूध केव्हाच आटलं होतं.

त्यांची चिठ्ठी घेऊन बाबा मला परत अकोल्याला घेऊन आले. यजमानांनी ती मोठ्यानं वाचली. सासूबाई म्हणाल्या, "डाक्टरले काय मालूम?"

यजमान उठले. मुलीला आणून माझ्या मांडीवर ठेवलं. "माय, हे तिचं लेकरू हाय."

मुलीनं मला ओळखलं नाही. किंचाळून अंग मागे टाकलं. माझ्याजवळ झोपायला तिला आठ दिवस लागले.

असा घाम कुणाला येत असेल, तर आधी डॉक्टर गाठा, आणि तोवर लेकरू कुणाच्या हाती देऊ नका. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. माझा घाम अजून निळाच आहे.

हा आजार बहुधा वयात आल्यावरच दिसतो, असं ते म्हणाले होते. मुलीला आता बारावं लागलंय. वेणी घालताना मी तिचे गाल उजेडाकडे वळवून पाहते. अजून स्वच्छ आहेत. आजाराचं नाव मात्र तिच्याकडून पाठ करून घेतलंय.