शब्द : पारंपरिक

"ही टोपी घाल आणि मागच्या रांगेत नाच," सर म्हणाले. "जरा कोळी वाटला पाहिजेस."

मी कोळीच आहे.

किहीमला सरांच्या बंगल्यावर माझ्या गाण्याचं प्रकाशन होतं. माझ्याच. वलांडीवर बोंबील वाळत घालणाऱ्या आईवरचं. शब्द माझे, चाल माझी, ताल चौलच्या खोलीत बसून मीच संगणकावर बांधलेला. सरांचं फक्त नाव मोठं.

पडद्यावर अक्षरं आली. संगीत, सरांचं नाव. शब्द : पारंपरिक.

मला वाटलं, चूक झाली असेल. भाबडा मी! जवळ जाऊन म्हणालो, "सर, शब्द माझे आहेत."

ते पाहुण्यांकडे बघून हसले. "अरे, तुमच्यात कोण गाणी लिहितं? ती आपोआप होतात."

पाहुणेही हसले.

हाच माणूस आमच्या ओटीवर बसून कालवण ओरपायचा. आईला 'आई' म्हणायचा. मी हळदीत बँजो वाजवायचो, तिथून यानेच मला उचललं. जाहिरातींच्या चाली करायला दिल्या, दुसऱ्यांच्या गाण्यांना साज चढवायला लावलं. माझी आई धवलारीण, लग्नात धवले गाते. जिच्याकडून शिकली तिचं नाव आधी घेते, मगच गाणं सुरू करते. तिचं बघून मीही माइकवर आधी सरांचं नाव घ्यायचो. दरवेळी. त्यानेच केसाने गळा कापला. परक्याने कापला असता तर इतकं लागलं नसतं.

आईला पहिल्या रांगेत बसवलं होतं. लुगड्यात, फोटोसाठी. तिने मला विचारलं, "पारंपरिक म्हंजे कोन रं?"

"म्हणजे कुणीच नाही, आई."

"मंग तू काय मना पुलनीवर, वालूत गावलास?"

टोपी मी सरांच्या हातात ठेवली. "तुम्हीच घाला. कोळी वाटाल."

माइकवर गेलो. आईचं नाव घेतलं, मग माझं. सरांनी माइक बंद करायला लावला. मी तसाच ओरडून पहिलं कडवं गायलो आणि आईला घेऊन फाटकाबाहेर पडलो.

लोक म्हणाले, मोठ्या माणसाशी वैर धरलंस, आता काम मिळणार नाही. नाहीच मिळालं. पुन्हा हळदीत बँजो वाजवतो. प्रत्येक मांडवात ते गाणं म्हणतो आणि आधी लिहिणाऱ्याचं नाव सांगतो. सरांचं नाव घेणं सोडलं, ते कायमचं. माझं गाणं ज्याला पारंपरिक करायचं असेल, त्याने आधी माझ्या मरणाची वाट बघावी.