साडूंची तकतकीत चाकं

मोटारीत बसून जगाकडे बघणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण मोटारीतून उतरून, जगाकडे पाठ करून, नुसतं तिच्या टायरांकडे बघत उभा राहणारा माणूस साऱ्या बेळगाव जिल्ह्यात एकच होता आणि माझ्या नशिबानं तो माझा साडू होता. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा म्हणजे मानाचा माणूस. त्याला 'अण्णा' म्हणायचं, वाकून नमस्कार करायचा आणि त्यानं कितीही वेडेपणा केला तरी 'वा, वा' म्हणायचं, एवढंच धाकट्या साडूच्या हाती असतं. मी बेळगावला टिळकवाडीत राहून वकिली करत होतो. कोर्टात भल्याभल्यांची उलटतपासणी घेत होतो. पण निपाणीला अण्णांच्या अंगणात पाऊल टाकलं की माझीच उलटतपासणी सुरू व्हायची. हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत हुकूम सुटायचा, "वकील, हितं उभं ऱ्हावा. उन्हाकडं पाठ करा. हां. आता सांगा, डावं बरं दिसतंय का उजवं?" डावं म्हणालो तर का डावं, आणि उजवं म्हणालो तर तुम्हाला काही समजत नाही. पाण्याचा तांब्या घेऊन मेहुणी दारात ताटकळत असायची आणि मी उन्हात उभा राहून रबराचं परीक्षण करत असायचो.

अण्णांची तंबाखूची वखार होती आणि एक मोटार होती. मोटार कुणा गोऱ्या साहेबानं विलायतेला जाताना विकून टाकलेली. ती घेताना साहेबाच्या चेहऱ्यावर दिसलेला आनंद अण्णांना सद्भावनेचा वाटला होता. तिच्या हुडाला भोकं होती, एक दार सुंभानं बांधलेलं होतं आणि भोंगा वाजायच्या ऐवजी खोकायचा. ह्यातलं काहीही दुरुस्त करावं असं ह्या माणसाच्या मनात कधी आलं नाही. पाऊस आला की आतली माणसं छत्र्या उघडून बसायची. पण टायर! टायर म्हणजे आरशासारखे तकतकीत. रबर पांढुरकं पडलं की मोटार आजारी दिसते, असं अण्णांचं मत होतं, आणि रबराला काळं ठेवणारा सर्वांत देखणा आणि सर्वांत टिकाऊ लेप कोणता, ह्याचा शोध लावण्यासाठी परमेश्वरानं आपल्याला निपाणीत जन्माला घातलं आहे अशी त्यांची पक्की समजूत होती. म्हणून चार चाकांना चार निरनिराळे लेप. एकाला एरंडेल आणि काजळी, दुसऱ्याला बुटाचं पॉलिश, तिसऱ्याला जवसाच्या तेलात खललेला कोळसा, आणि चौथ्याला त्या महिन्यात डोक्यात शिरलेलं काहीही. मागं बांधलेली स्टेपनी मात्र कोरी ठेवलेली. "ताडून बघायला एक बिनलेपाचं नको व्हय?" असं म्हणायचे, पण त्या बिचाऱ्या पाचव्या चाकाकडे त्यांनी कधी प्रेमानं बघितलं नाही. तिला ते 'दरिद्री' म्हणत.

चौथ्या चाकानं घरादाराला सळो की पळो करून सोडलं होतं. एकदा त्याला गुळाचं पाणी आटवून लावलं. तकाकी अशी आली की अण्णांनी शेजाऱ्यांना बोलावून आणलं. शेजारी यायच्या आधी त्यांची गाय आली आणि तिनं जिभेनं सगळं चाक चाटून लख्ख केलं. अण्णा तिला हाकलायचं सोडून किती वेळात चाटलं हे बघत बसले, कारण तोही टिकाऊपणाचा भाग! मग बिब्ब्याचं तेल झालं. टायर काळंभोर झालं आणि अण्णांचे दोन्ही हात कोपरापर्यंत फोडांनी भरले. मग निपाणीच्या माणसाला सुचणारच ते सुचलं: तंबाखूचा काढा. त्या महिन्यात मोटारीत बसलेल्या प्रत्येकाला घेरी येत होती. मी स्वतः संकेश्वरला उतरून रस्त्याच्या कडेला उलटी केली आणि हा गृहस्थ माझ्या पाठीवर हात फिरवायच्या ऐवजी चाकाशी उकिडवा बसून म्हणतो कसा, "वास हाय, कबूल. पण रंग बघा की, वकील, धूळच धरंना झालाय!"

बरं, स्वतःच्या चाकांपुरतं वेड असतं तर कोण बोलतंय? माझ्या लग्नात वरातीची मोटार दारात आली तेव्हा सगळे नवरीकडे बघत होते आणि हे चाकाशी वाकून अंगठ्यानं रबर पुसून बघत होते. एकदा तर आम्ही दोघं एका व्यापाऱ्याकडे दुखवट्याला गेलो. मी आत जाऊन घसा खाकरून दोन शब्द बोललो, बाहेर आलो, तर अण्णा पाहुण्यांच्या मोटारीपाशी बसलेले. "मयताच्या जावयानं पॉलिश लावलंय," ते हळू आवाजात म्हणाले, "पयल्या शिंतोड्याला जाणार." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्या माणसाशी आपलं नातं आहे हे त्या घरच्या लोकांना कळू नये म्हणून मी वेगळ्या वाटेनं घरी गेलो.

पण ह्या सगळ्या सोंगात माझी मेहुणी, आक्का, सापडली होती. आक्का बोलायला खमकी आणि अंगानं भरदार. पुष्कळ वर्षांपूर्वी ती विहिरीच्या पायरीवरून घसरली, कमरेचं हाड वाकडंतिकडं जुळलं आणि तेव्हापासून तिला उंबऱ्याबाहेर चालता येईना. तिचं सगळं जग म्हणजे स्वयंपाकघर, सोपा आणि संध्याकाळची मोटार. रोज संध्याकाळी अण्णा तिला धरून मोटारीत बसवत आणि तवंदी घाटाच्या पायथ्यापर्यंत फिरवून आणत. तेवढ्यासाठी ती दुपारपासून वेणीफणी करून बसायची. त्यातही सुख कसलं? वाटेत शेणाचा पो आला की वळसा, पाण्याचं डबकं आलं की गाडी उभी, अण्णा खाली, खिशातलं फडकं बाहेर आणि चाक पुसायला सुरुवात. आक्का आतून ओरडायची, "अहो, लगीन झाल्यापासनं माझं तोंड एकदा तरी आसं पुसलंय काय वो तुम्ही?" अण्णा शांतपणे उत्तर द्यायचे, "तुझा रंग पक्का हाय."

मग लढाई आली. पेट्रोलला कुपनं आली, टायर तर औषधाला मिळेना, आणि एके दिवशी बातमी आली की लष्करासाठी चांगल्या टायरांच्या मोटारी सरकार ताब्यात घेणार आहे. निपाणीत तपासायला अधिकारी येणार. आक्काचा निरोप आला, "ताबडतोब या आणि ह्यांना चार शब्द सांगा." मी गेलो तर निपाणीतले सगळे मोटारवाले आपल्या टायरांना राख, चुना, चिखल फासून गाड्या भिकाऱ्यासारख्या करण्यात गुंतले होते. आणि आमचे अण्णा? अण्णांनी चारही चाकांवर ताजा हात मारला होता! मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, "अण्णा, अहो, सरकार ही गाडी उचलून नेईल. थोडा चिखल लावा." ते ताडकन उभे राहिले. "चिखल? मी? सरकार माझी गाडी न्हेणार आसंल तर न्हेऊ दे. पण घाण टायरांची गाडी म्हणून कुणी माझं नाव घेतलेलं मला चालणार न्हाय." सोप्यातून आक्काचा आवाज आला. नेहमीचा खमका आवाज नव्हता तो. "आणि मी काय करायचं? जल्मभर भिंतीकडं बघत बसू?" अण्णांनी फडकं खांद्यावर टाकलं. मला वाटलं, आता चिखल आणतील. पण छे! त्यांनी खाली बसून उजवं मागचं चाक आणखी एकदा पुसलं. त्या क्षणी हा माणूस माझ्या मनातून साफ उतरला.

अधिकारी आला. अंगणातच आक्काला खुर्ची टाकून बसवलेली. तिनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. बाकीच्या गाड्यांवर त्यानं बादल्या ओतायला लावून राख धुवून काढली होती आणि चांगल्या टायरांच्या दोन-तीन गाड्या जागच्या जागी ताब्यातही घेतल्या होत्या. आमच्या गाडीपाशी येऊन तो थबकला. असे टायर त्यानं विलायतेतही पाहिले नसावेत. त्यानं खाली वाकून पुढच्या चाकाला अंगठा लावला आणि अंगठा आत गेला. चांगला नखाच्या वर आत गेला! वर्षानुवर्षं तेल पिऊन रबर पिकल्या चिक्कूसारखं झालं होतं. त्यानं चाकूचं टोक लावलं तर पापुद्रा निघून हातात आला. चारही चाकांची तीच गत. "ह्याला लावता काय तुम्ही?" त्यानं विचारलं. अण्णांचा चेहरा खुलला. इतक्या वर्षांत कुणीतरी आपण होऊन विचारलं होतं! एरंडेल, पॉलिश, जवस, बिब्बा, सगळं पुराण त्यांनी भर उन्हात सांगितलं. अधिकारी हसून हसून लाल झाला आणि गाडी निकामी ठरवून निघाला.

गाडी वाचली! आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं, मी देवाला हात जोडले, आणि तेवढ्यात हा महापुरुष अधिकाऱ्याच्या मागं धावला. "सायेब, परत बघा की! नीट बघा! निकामी कशी म्हणताय? आख्ख्या निपाणीत आसं टायर दावा मला!" आपली गाडी सरकारनं न्यावी म्हणून भांडणारा इसम हिंदुस्थानात बहुधा हा एकटाच असेल. मी मागून धोतराचा सोगा धरला, आक्का खुर्चीवरून ओरडायला लागली, "वकील, सोडू नका हां!" ह्या ओढाओढीत अधिकारी परत फिरला आणि त्याची नजर मागं बांधलेल्या स्टेपनीवर गेली. अंगठा लावला, आत जाईना. चाकू लावला, ओरखडा उठेना. जिला आयुष्यात कशाचा थेंब मिळाला नव्हता ती एकटी ठणठणीत निघाली होती. तो तेवढी सोडवून घेऊन गेला. अण्णा रस्त्याकडे बघत पुटपुटले, "तिला तर मी कायबी लावलं नव्हतं." लेपांच्या परीक्षेचा निकाल इतक्या स्वच्छ शब्दांत त्यांनी स्वतःच सांगितला होता, पण तो त्यांना समजायला रात्र जावी लागली. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या बाटल्या आणि डबे उकिरड्यावर नेऊन ओतले. मी मनात म्हटलं, फार लवकर शहाणे झालात.

पुढं ते टायर एकेक करून फुटत गेले. ट्यूब मिळेना, टायर मिळेना. लोक त्या दिवसांत टायरात पेंढा कोंबून गाड्या चालवत. अण्णांनी पेंढा भरला. तवंदीच्या वाटेवर त्याचा भुगा झाला. मग आक्कानं ट्रंक उघडायला लावली. तिची शहापुरी लुगडी होती आत, बोटभर काठाची, कधीकाळी सणावारी नेसायची. अण्णा नको नको म्हणत राहिले. ती म्हणाली, "मी कुठं मिरवायला जाणार हाय? भरा गप." अण्णांनी स्वतः बसून एकेक लुगडं पिळून पिळून टायरात भरलं. फुटक्या रबरातून हिरवा काठ बाहेर डोकावायचा. आता कुपनांमुळे आठवड्यातून एकदाच फिरणं, आणि तेही पायी चालणाऱ्या माणसाच्या गतीनं. जरा जोर केला की काठ सुटायचा. मला ते बघवत नसे. एकेकाळी ऐटीत फिरणारी बाई अशी रखडत जाते आहे, ह्याला कारण हा माणूस, ह्याचं मला फार वाईट वाटे.

पण मीच चुकलो होतो म्हणा ना. वखारी सुटल्या की तंबाखू निवडणाऱ्या बायका त्याच रस्त्यानं घरी जात. मोटार जोरात जायची तेव्हा त्या धुळीपासून तोंड झाकून बाजूला होत. आता मोटार त्यांच्याच चालीनं चालली होती. पहिल्या दिवशी एकीनं आत डोकावून विचारलं, "बरं हाय न्हवं, आक्का?" दुसऱ्या खेपेला तिच्याबरोबर दोघी आल्या. मग तर गंगव्वा म्हणून एक उंच बाई सुंभानं बांधलेल्या दारावर हात ठेवून पार नाक्यापर्यंत चालत यायची आणि आपल्या घरची सगळी हकिकत सांगायची. कुणाची सासू, कुणाची म्हैस, कुणाचं बाळंतपण! आक्का भडाभडा बोलत होती, हसत होती, सल्ले देत होती, शिव्या घालत होती. विहिरीवरून पडल्यापासून तिला अशी माणसं भेटलीच नव्हती, आणि हे आम्हा शहाण्यांपैकी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

लढाई संपल्यावर खटपटी करून अण्णांनी चार नवे टायर मिळवले. मोठ्या हौसेनं बसवले आणि आक्काला घाटापर्यंत नेऊन भुर्रकन परत आणलं. उतरताना ती एवढंच म्हणाली, "आज कुणीच भेटलं न्हाय बघा."

पुढच्या खेपेला मी निपाणीला होतो, म्हणून मागं बसून गेलो. कोरेकरकरीत टायर आणि गाडी चालली होती बैलगाडीच्या मागून, तिच्याच चालीनं, आणि दारावर हात ठेवून गंगव्वा बाजूनं बोलत चालली होती. पाठीमागं एक मालमोटार भोंगा वाजवून वाजवून दमली. अण्णांनी हात बाहेर काढून तिला पुढं जायची खूण केली. चाकं धुळीनं पांढरीफटक पडली होती, एकाला शेण चिकटलं होतं. मला राहवेना. म्हटलं, "अण्णा, टायरांची काय दशा केलीत ही? फडकं तरी मारा की." अण्णांनी मान वळवून माझ्याकडे असं बघितलं की जणू मी दुखवट्याच्या घरात मोठ्यानं हसलो. "गप बसा, वकील," ते म्हणाले. "गंगव्वाच्या पोरीचं काय झालं, ते ऐकू द्या."

गंगव्वाची पोरगी सासर सोडून आली होती, तिला परत धाडावं की न धाडावं ह्याचा घोळ चालला होता, आणि अण्णा एक हात स्टिअरिंगवर ठेवून जीव कानात आणून ऐकत होते. मधेच नाका आला आणि गोष्ट अर्धीच राहिली. पुढं मी बेळगावच्या कामात अडकलो. आक्का गेली, मागोमाग अण्णाही गेले, मोटार कुणीतरी घेतली. परवा सहज निपाणीवरून जाताना मनात आलं, त्या पोरीला शेवटी धाडलं की नाही? आणि मग एकदम लक्षात आलं की आता हे विचारायचं तरी कुणाला.