पाट्याचा दगड

बीडीडी चाळीतून टॉवरमध्ये राहायला आलो, त्या दिवशी आईने आधी स्वयंपाकाच्या ओट्यावर पेरं वाजवली आणि कान लावला. त्या टकटकीने मला थेट सातवीत नेऊन सोडलं.

भूगोलाच्या सरांनी आम्हाला वरळीच्या टेकडीजवळचा जुना मातीचा बांध दाखवायला नेलं होतं. पोरांवर लक्ष ठेवायला आई आली होती, म्हणून मी लाजून तिच्यापासून लांब चालत होतो. एका ठिकाणी बांधाची माती ढासळून खालचा खडक उघडा पडला होता. सरांनी तिथले दोन काळसर तुकडे उचलले. "एक लाव्हारसाचा, एक तळ्यातल्या गाळाचा. ओळखा!"

आईने पुढे होऊन दोन्ही दगड घराच्या किल्लीने वाजवले. एक खणखणला, दुसरा बद्द वाजला.

"हो पाट्याक चलात," ती पहिला दाखवत म्हणाली. "दुसऱ्याची कच वाटणात उतरात."

सर हसतच सुटले. "बरोब्बर! खणखणला तो लाव्हा. आणि वहिनी, त्या गाळात कोट्यवधी वर्षांपूर्वी बेडूक नांदत होते!"

"बेडूक? मगे तर नकोच!"

टाळ्या पडल्या. मी पोरांना ढकलत जाऊन तिचा हात धरला.

तेव्हा वाटलं, आईने सरांच्या तोंडचं उत्तर पळवलं. आज कळतं, चाळीतली प्रत्येक बाई पाटा घेताना अशीच दगडाला बोलतं करायची.

ओट्यावरचा कान उचलून आई म्हणाली, "फुसको आसा. माझो पाटो खंय?"

तो मी सगळ्या सामानाआधी वर आणून ठेवला होता.