ह्यां कोणी केल्यान?

हमीदाभाभीबरोबर देऊळ नाहीतर संग्रहालय बघायला जायचं म्हटलं की मला धास्तीच वाटायची. गोव्यातल्या एका संग्रहालयात दोरीवरून इतकी वाकून ती लाकडी देवदूताचे पंख बघत होती, की पहारेकरी शिटी फुंकत धावत आला. भाभीने त्यालाच विचारलं, "ह्यां कोणी केल्यान?" तो म्हणाला, "बोर्डवर लिहिलंय, वाचा." "बोर्डार देवाचा नाव आसा. करणाऱ्याचा खंय आसा?" आम्हाला बाहेर काढणार असं वाटून मी तिचा पदर ओढत होते. ती मात्र त्याच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होती.

ओरोसला सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही भिंतीला भिंत लावून राहायचो. मी कचेरीत कारकून, ती इस्पितळात नर्स. तिचं माहेर, सासर दोन्ही देवगड बंदरावरचं. तिचे आजोबा गलबतं बांधायचे. "गलबताच्या मालकाचा नाव सगळ्यांका ठावक. माज्या आज्याचा कोणाक नाय," एवढंच ती एकदा बोलली होती. आमच्या दोघींच्या सुट्ट्या जुळल्या की आम्ही एसटीने निघायचो. देऊळ, चर्च, दर्गा, तिला सगळं सारखंच. डोक्यावर पदर घ्यायची आणि आधी छताकडे बघायची.

घाटाच्या पायथ्याशी एका गावातल्या देवळात लाकडावर फार सुंदर कोरीव काम आहे असं कोणीतरी सांगितलं, म्हणून दोन वर्षांपूर्वी एप्रिलात आम्ही तिथे गेलो. देवळात म्हातारे गुरव एकटेच होते. सभामंडपाच्या तुळयांवर बघावं तिथे हत्ती, घोडे, वेली. भाभीने नेहमीचा प्रश्न विचारला आणि गुरव खूश झाले. "ह्यां कोण विचारणा नाय गो बाय! गोव्याकडचे सुतार इल्ले म्हणतत. नाव काय ता कोणाक माहीत नाय." मग सहज म्हणाले, "तुमी खंयच्या? नाव काय तुमचा?"

"हमीदा. देवगडची."

त्याच वेळी देवस्थान कमिटीतला एक जण पायरी चढून वर आला होता. पस्तिशीचा, पांढरा शर्ट. त्याने नाव ऐकलं.

"बाई, भायर या," तो म्हणाला. "लगेच."

"का म्हणून?" माझा आवाज चढला. "देऊळ बघायला आलोय. काही चोरायला नाही आलो."

"तुमका नाय सांगत मी. तेंका सांगतंय." त्याने खिशातून मोबाइल काढून कोणाला तरी फोन लावला. "वायच देवळाकडे येवा रे," एवढंच बोलला. मी त्याच्या अंगावर जाणार, इतक्यात भाभीने माझं मनगट धरलं.

"शैला, गप. हयसर भांडूक इलंव नाय." मग गुरवांकडे वळून तिने हळू आवाजात विचारलं, "माज्यामुळे तुमका त्रास होतलो काय?"

गुरवांनी मान खाली घातली.

भाभी बाहेर गेली. मला वाटलं, आता परतीची वाट. पण अंगणातल्या दीपमाळेच्या कट्ट्यावर ती जाऊन बसली. "हडे बसाक हरकत नाय मा?"

"बसा," तो तुटकपणे म्हणाला.

"मग शैला, तू बघ आणि माका सांग."

मी अजून सभामंडपातच होते. तिथूनच मी मान वर केली. "उजवीकडे घोडा आहे. वर स्वार आहे," मी मोठ्याने सांगू लागले.

"लगाम खंयच्या हातात?"

मला दिसेना. मागून गुरवांचा आवाज आला, "डाव्या. उजव्या हातात फूल आसा."

"आणि कोपऱ्यात?"

कोपऱ्यात अंधार होता. गुरवांनाही सांगता येईना. वाटेवर मोटरसायकलींचा आवाज येऊ लागला. तेवढ्यात तुळईवर उजेड पडला. पांढऱ्या शर्टवाल्याने मोबाइलचा टॉर्च वर धरला होता.

"माकड आसा," तो बाहेर न बघता म्हणाला. "फणस खाता."

"पिल्लू आसा वांगडा?"

तो जरा पुढे सरकला. "आसा. पोटाक धरलेला."

चार-पाच जण गाड्या उभ्या करून अंगणात आले. एकाने विचारलं, "काय झाला रे?" भाभी कट्ट्यावर तशीच बसून होती. तो टॉर्च बंद करून बाहेर आला. "काय नाय. बघूक इल्यात. जातत आता."

आम्ही निघालो. फाट्यावर एसटीची वाट बघताना भाभीला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना. मी उघडून दिलं. ती म्हणाली, "राग इलो नाय असा समजा नको. लय इलो." आणि थोड्या वेळाने, "पण माकडाचा पिल्लू आसा, ह्यां बरा कळला."

निवृत्त झाल्यावर ती देवगडला मुलाकडे गेली. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी तिच्या सुनेचा, नसरीनचा, फोन आला, भाभी वारल्याचा. मी पोचले तेव्हा अंगणात पुरुषमाणसं बसली होती, आत बायकांची कुजबुज चालली होती. इथल्या रीतीत मी कुठे उभं राहायचं, मला कळत नव्हतं. कोणाला विचारायचाही धीर होईना. मी दाराशीच भिंतीला टेकून थांबले.

नसरीन बाहेर आली. रडून डोळे सुजले होते. तिने माझा हात धरला.

"हडे कित्याक उभी? आत ये गो. न्हेतले आता. तेंचा तोंड बघून घे."

मी चपला काढल्या आणि तिच्यामागून आत गेले.